पण तू केलंस काय?

कॉम्प्युटर सुरू होताना अडकायला लागला. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा झोकदार लोगो येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. सेटिंगमध्ये शिरायला डिलीट दाबा, एफ-टू दाबा, दोन्ही एकदम बडवा, ढिम्म. हकिगत एवढीच. बाकी जो मनस्ताप झाला तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिला, आणि तो अजून उतरलेला नाही.

काका आले होते प्रिंट काढायला. ते कायम "एकच पान" काढायला येतात. दारातून पडदा दिसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "काय केलंस?"

"काही नाही काका. सुरूच होत नाहीये."

"ते दिसतंय मला. पण तू केलंस काय?"

"बटण दाबलं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तो बंद होता."

"मग बंद करताना काहीतरी केलं असशील."

आपलं मशीन बिघडलं की जग आपल्याकडे संशयित म्हणून बघतं. फ्रिज बंद पडला तर लोक हळहळतात, कॉम्प्युटर बंद पडला तर जबानी घेतात.

काकांनी खुर्ची ओढली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "सुरू होताना बीप किती वाजल्या?"

"एकही नाही."

"असं कसं? एक वाजली तर ठीक, जास्त वाजल्या तर रॅम, म्हणजे मेमरी, बिघडली."

मी सांगितलं की माझ्या मदरबोर्डला बीप वाजवणारा स्पीकरच नाही, हल्ली बऱ्याच बोर्डांना नसतो. त्यावर काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो मीच विकून खाल्ला. "बंद कर," ते म्हणाले. मी बटण दाबून धरलं. अडकलेला पीसी बंद करायला ते 4 सेकंद दाबून धरावं लागतं. काका मोठ्याने मोजायला लागले आणि तीनवरच ओरडले, "सोड!" साहजिकच मशीन चालूच राहिलं. "बघ," ते म्हणाले, "बंदसुद्धा होत नाहीये."

अडकलेलं मशीन पुन्हा सुरू करायची कंट्रोल-आल्ट-डिलीट ही तिकडी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने 1981 च्या पीसीसाठी बनवली. त्या पीसीच्या विसाव्या वाढदिवसाला, 2001 साली, बिल गेट्स व्यासपीठावर असताना ब्रॅडली म्हणाला होता की शोध माझा असेल, पण तो प्रसिद्ध केला बिलने. माझ्याकडे गाडी विंडोजपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे गेट्सच्या नावाने बोटं मोडायचं सुखही नशिबात नव्हतं.

खरा राग मला त्या लोगोचा आहे. जुनी मशीनं सुरू होताना निदान बोलायची. मेमरी मोजली जातेय, डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, असं ओळीने पडद्यावर यायचं, आणि ओळ जिथे थांबली तिथे दुखणं आहे हे शेंबड्या पोरालाही कळायचं. ती तपासणी आजही होते, फक्त तिच्यावर लोगोचा पडदा टाकलाय. तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो म्हणे! पण सेटिंगमध्ये शिरायचं तर लोगोच्या पुढे जायला हवं ना. ही सोय ज्याला सुचली त्याच्या घरी माझे काका महिनाभर राहायला पाठवावेत.

असो. काकांच्या हुकमावरून कॅबिनेट उघडलं. आत जाळीवर बोटभर धूळ. "हे केलंस तू," काका समाधानाने म्हणाले. रॅम काढली, तिची सोनेरी पट्टी खोडरबरने घासली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा खट्ट वाजेपर्यंत दाबून परत बसवली. लोगो. हार्ड डिस्कची केबल काढून लावली. लोगो.

"सेल काढ," काका म्हणाले. सेल म्हणजे सीआर 2032, 3 व्होल्टचा, 20 मिलिमीटर व्यासाचा चपटा ठोकळा. मशीन बंद असताना घड्याळ चालतं ते त्याच्या जिवावर. वायर काढून मी नखाने क्लिप मागे केली. सेल उडून टेबलाखाली गेला. तो शोधायला गुडघ्यांवर रांगत गेलो, तर कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडच्या अंधारात, एक निळा पेन ड्राइव्ह लोंबत होता. गळ्यात चावीची दोरी. माझा नव्हे.

"अरे, हा इथे आहे होय!" काका वरून म्हणाले. "काल प्रिंट काढली तेव्हा पुढचं भोक सैल वाटलं, म्हणून मागे लावला होता. हा जरा अधूनमधूनच चालतो."

सुरू होताना मशीन जोडलेल्या प्रत्येक यूएसबी वस्तूची चौकशी करतं. एखादी अर्धमेली वस्तू धड उत्तर देत नाही, आणि काही मदरबोर्ड तिच्या उत्तराची वाट बघत तिथेच बसून राहतात. पेन ड्राइव्ह उपटला, सेल बसवला, बटण दाबलं. लोगो आला आणि चक्क गेला! पडद्यावर सूचना आली: सेटिंग पुसली गेली आहेत, एफ-वन दाबून सेटअपमध्ये जा किंवा एफ-टू दाबून पुढे चला. तारीख लावायला आणि तो लोगो कायमचा घालवायला मी एफ-वनकडे बोट नेलं. काकांनी माझ्या हाताखालून हात घालून एफ-टू दाबलं.

"सेल काढायला मीच सांगितलं," ते म्हणाले.

"काका, पेन ड्राइव्ह."

"तो काल पण होताच की. काल कुठे अडकला?"

काल मशीन आधीच चालू होतं, हे मी दोनदा सांगितलं. ते तोवर प्रिंटरमध्ये कागद भरत होते. पेन ड्राइव्ह आता उघडेना, म्हणून ते पान ईमेलमधून काढायचं ठरलं. ब्राउझर उघडला तर घड्याळ 2015 सालच्या जानेवारीत. त्या तारखेला आजच्या वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं जन्मालाच आलेली नसतात, त्यामुळे ब्राउझरने ईमेल उघडायला साफ नकार दिला. 'तुमचं घड्याळ मागे आहे,' काकांनी मोठ्याने वाचलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आता काय केलंस?"