व्यक्तिचित्राच्या स्पर्धेत समोर माणूस नको का?

आज सकाळी एका राष्ट्रीय व्यक्तिचित्र स्पर्धेची नियमावली वाचली आणि तेव्हापासून डोके तापले आहे. ‘स्थानिक चित्रकारांसाठी सुवर्णसंधी’ असे वर ठळक छापून खाली म्हटले आहे की छायाचित्रावरून काम केले तरी चालेल, प्रवेशिका म्हणून चित्राची डिजिटल प्रत पाठवावी आणि निवड त्या प्रतीवरूनच होईल. म्हणजे फोटोवरून चित्र काढायचे, चित्राचा पुन्हा फोटो काढायचा आणि परीक्षकांनी तो पडद्यावर पाहायचा. या सगळ्या व्यवहारात माणूस कुठे बसतो, हे मला कोणीतरी सांगावे.

माझे वडील गुळव्या, म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करणारे कारागीर होते. कोल्हापुरातल्या एका चित्रकाराने प्रात्यक्षिकासाठी त्यांना मॉडेल म्हणून बसवले, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून, मान ताठ करून बसले होते. कोळशाने आकार घेता घेता चित्रकाराने सहज विचारले, “दादा, पाक उतरवायची वेळ कळते कशी?” वडील सांगू लागले आणि चुलवाणावरच्या काहिलीची वाफ चुकवण्यासाठी ते जन्मभर जसा उजवा डोळा बारीक करत आले होते, तसा तो आपोआप बारीक झाला. चित्रकाराने नेमका तोच डोळा धरला. घरात वडिलांचे फोटो पुष्कळ आहेत, पण एकातही तो डोळा नाही, कारण कॅमेरा समोर आला की ते सावरून बसत.

चित्रकार सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीच्या हातात दिवा देऊन तिला समोर उभे केले, म्हणून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या त्यांच्या त्या जलरंगचित्रात बोटांमधून झिरपणारा उजेड आजही जिवंत वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या व्यक्तिचित्रांसाठीच्या आर्चिबाल्ड पारितोषिकाला, जे 1921 पासून दिले जाते, चित्र प्रत्यक्ष बैठकीतूनच झालेले लागते आणि चित्रकारही तिथला किंवा न्यूझीलंडचा रहिवासी असावा लागतो. तिथे ‘स्थानिक’ ही अट आहे. आपल्याकडे ती जाहिरातीची ओळ आहे! आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात राहून हे मुकाट्याने वाचायचे?

देशभरातून कॅनव्हास मागवणे पहिल्या फेरीला परवडणार नाही, हे मान्य. राजा रविवर्माही छायाचित्रांचा आधार घेत, हेही मला कोणी सुनावू नये, ठाऊक आहे.

फोटोवरून काम करणाऱ्या मुलांवर मात्र माझा राग नाही. दिवसभर फलक रंगवून रात्री चित्राला बसणाऱ्या मुलाने मॉडेलला तीन तास बसवायचे, तर मानधन आणणार कुठून? माझे वडील त्या दिवशी चहावर बसले, कारण हंगाम संपला होता आणि चित्रकार ओळखीचा होता. प्रत्येकाला असा गुळव्या मिळत नाही. नेमका हाच खर्च आयोजकांनी उचलायला हवा. पारितोषिकाची रक्कम थोडी कमी करा, अंतिम फेरीतल्या चित्रकारांना एका सभागृहात बोलवा, कोळीण, हमाल, निवृत्त मास्तर अशी अनोळखी माणसे योग्य मानधन देऊन समोर बसवा आणि परीक्षकांना चित्रकारांच्या पाठीमागे उभे करा. प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडलेल्या फोटोवरून गिरवलेली रेघ कोणती आणि बघून ओढलेली कोणती, हे तासाभरात उघडे पडेल.

आयोजकांना आज रात्री या मजकुराचे पत्र लिहितो आहे. ज्यांना खाली सही करायची आहे, त्यांनी उद्या दुपारपर्यंत कळवावे.