मधूनच बाहेर पडणारं फंक्शन वाईट नसतं

इंदूरच्या आमच्या मराठी इंजिनिअर मंडळींत एक मेसेज फिरतोय: "फंक्शनमध्ये रिटर्न एकच, तोही शेवटी. मधला रिटर्न, ब्रेक, कंटिन्यू म्हणजे वेश पालटलेला गोटू. गोटू घातक आहे हे डाइकस्ट्रांनी १९६८ मध्येच सिद्ध केलंय. अ‍ॅपलचं २०१४ साली काय झालं ते आठवा." (फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक काम करणारा तुकडा, रिटर्न म्हणजे त्यातून बाहेर पडणं; ब्रेकने आवर्तन मध्येच थांबतं, कंटिन्यूने पुढच्या फेरीला जातं; गोटू म्हणजे दुसऱ्या ओळीवर थेट उडी.) लोकमान्यनगरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनी हे वहीत नियम म्हणून उतरवलं, म्हणून उत्तर देतोय.

आधी संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा. मार्च १९६८ मध्ये छापून आलं ते त्यांचं पत्र. त्यात युक्तिवाद आहे, सिद्धता नाही. 'घातक' म्हणणारा मथळाही संपादक निकलाउस वीर्थ यांचा. डाइकस्ट्रांचा मुद्दा असा, की प्रोग्राम चालताना आपण एखाद्या ओळीवर पोचलो, तर तिथवर काय घडलंय हे मजकूर वाचूनच कळावं. कुठूनही कुठेही उडी मारणारा गोटू हे कळू देत नाही. मधला रिटर्न मात्र कळू देतो: त्याच्या खाली आलो याचा अर्थ वरची अट लागू झाली नाही. आणि बोम व जाकोपिनी या संशोधकांनी उडीशिवाय काम भागतं असं दाखवलं होतं, त्याचा दाखला देऊन डाइकस्ट्रा त्याच पत्रात म्हणतात की यांत्रिकपणे उड्या काढू नका, तेवढ्याने प्रोग्राम अधिक स्पष्ट होणार नाही. मेसेज नेमका तेच करायला सांगतो!

आता २०१४ चं अ‍ॅपल. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली. इफ या अटीखालच्या ओळी बांधणारे महिरपी कंस नव्हते, म्हणून दुसरी ओळ अटीविनाच चालली आणि सर्व्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची तपासणी राहून गेली. तिथे दोनदा रिटर्न लिहिला असता तरी हेच झालं असतं.

एक गोष्ट मला मान्य आहे. सी भाषेत फाइल उघडून, लॉक (इतरांना थांबवून ठेवणारं कुलूप) घेऊन मध्येच निघून गेलात तर फाइल उघडीच राहते आणि लॉक अडकलेलंच राहतं. पण यावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे लोक काय करतात? शेवटी आवराआवरीची एक जागा ठेवतात आणि तिथे गोटूनेच जातात. त्यांच्या लेखननियमांतच तसं सुचवलंय. म्हणजे बाहेर पडायची वाट एकच हवी असेल, तर सीमध्ये ती गोटूच देतो. पायथन भाषेत विथ आहे, गो भाषेत डिफर आहे; बाहेर पडताना आवराआवर ते आपोआप करतात, तिथे तीही चिंता नाही.

वहीतल्या नियमाचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं. परीक्षेचा फॉर्म तपासणारं फंक्शन: नाव, वय, फी, फोटो. एका मुलीने एकच रिटर्न ठेवायचा म्हणून चार इफ एकात एक कोंबले आणि 'ठीक' नावाचं व्हेरिएबल सुरुवातीलाच खरं करून ठेवलं. एका एल्समध्ये (अट न जुळल्यास चालणाऱ्या भागात) ते खोटं करायचं राहिलं आणि फी न भरलेला फॉर्म पास झाला. चूक शोधायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. मग तिनेच चारही तपासण्या वर घेतल्या, जिथे अडलं तिथेच रिटर्न. एकात एक इफमुळे पडलेला डावीकडचा जिना गेला, 'ठीक' गेलं, आणि शेजारच्या मुलाने ते फंक्शन एकदा वाचून बिनचूक समजावून सांगितलं.