एका 'फट्'साठी

गोदावरीला पूर आला की नाशिककर तो दुतोंड्या मारुतीवर मोजतात. गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमच्या घरी गवत तुळशी वृंदावनावर मोजतात. यंदा जुलैत आठ दिवस पाऊस हटला नाही आणि बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून इशारा दिला, "कोनाड्याला लागलंय हं. पणती ठेवायला चाचपडावं लागतंय."

आनंदवलीला आमचं जुनं घर आहे, मागे-पुढे मिळून दीडेक गुंठा मोकळा. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्लॉट घेतला तेव्हा इकडे यायला रिक्षावाले कुरकुरायचे. आता सगळ्या गल्लीने अंगणात पेव्हर ब्लॉक टाकलेत, त्यामुळे त्यांच्याकडे गवत उगवत नाही. त्यांच्या वाटचंही आमच्याकडे उगवतं.

चार वर्षांपूर्वी मी पेट्रोलवरचं ग्रास कटर आणलं. दादा मूळचे निफाडचे, हयात द्राक्षबागेत गेलेली. झोपाळ्यावरूनच त्यांनी मशीन न्याहाळलं आणि म्हणाले, "घरात विळा आहे ना रे?" मी हसलो. ते हसू मला पुढे फार महागात पडलं.

ते मशीन टू-स्ट्रोक. त्याच्या इंजिनात वेगळं ऑइल भरायची सोय नसते, पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं. पुस्तिकेत प्रमाण होतं 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. मी खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण त्यासाठी राखून ठेवलं. लिटरला चार झाकणं. पहिल्या खेपेला तिसरं झाकण ओतताना फोन आला, बोलून परत आलो तो मोजणी पहिल्यापासून सुरू केली. मशीन चालू झालं आणि गल्लीत असा धूर पसरला की समोरच्या काकूंनी धडाधड खिडक्या लावल्या. संध्याकाळी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं हो, यंदा डासांची फवारणी लवकर आली."

त्यात सुटं पेट्रोल मिळवणं म्हणजे वेगळाच उपद्व्याप. पंपावर प्लास्टिकची बाटली पुढे केली की पोरगा माझ्याकडे असा बघायचा, जणू मी शहर पेटवायलाच निघालोय. म्हणून मी मोटरसायकलच्या टाकीत नळी घालून तोंडाने ओढायला लागलो. एका रविवारी जरा जास्तच ओढलं गेलं. नंतर मिसळ खाल्ली, काळ्या मसाल्याची, कान गरम करणारी, पण तिलाही ती चव हटेना. दुपारभर ढेकर आला की मी देवघरातल्या समईपासून लांब सरकत होतो.

पण खरा सोहळा मशीन चालू करण्याचा. आधी रबरी फुगा सात-आठ वेळा दाबायचा. चोक, म्हणजे इंजिनाची हवा कोंडणारा खटका, वर करायचा. मशीन पायाने दाबून धरायचं आणि दोरी ओढायची. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला पोटातून एक बारीक 'फट्' येतो. तो ऐकू आला की ताबडतोब चोक खाली करायचा आणि पुन्हा ओढायचं. तो 'फट्' हुकला, कुकरची शिट्टी मध्ये आली, गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, की संपलं. पेट्रोल ओव्हर होतं. मग स्पार्क प्लग काढा, पुसा, पॉलिशपेपरने घासा, बिनप्लगची दोरी दहा वेळा ओढून आतलं पेट्रोल उडवा, प्लग बसवा आणि पुन्हा फुग्यापासून सुरुवात. या काळात घरात कोणी बोलायचं नाही असा नियमच होता. मुलगी मिक्सर लावण्याआधी मागे येऊन विचारायची, "बाबा, फट् झाला का?"

त्यातून सुरू झालंच, तर वीस मिनिटांनी हातांची अशी अवस्था व्हायची की चहा घेताना कप बशीत वाजायचा. बायको म्हणायची, "पिताय की आरती करताय?"

द्वारका चौकाजवळच्या मेकॅनिककडे वर्षातून दोन फेऱ्या ठरलेल्या. गेल्या वर्षी त्याने टाकी उघडून वास घेतला.

"काका, पेट्रोल कधीचं?"

"दिवाळीतलं असेल."

"आता जून चालूए." त्याने ते काचेच्या बाटलीत ओतून उजेडाला धरलं. तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसत होता. "हे पेट्रोल नाही काका, तीर्थ आहे. रामकुंडावर नेऊन सोडा."

त्याचं म्हणणं असं की आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं, आणि जास्त झाली की पाण्याला घेऊन तळाशी बसतं. नेमकी तिथूनच इंजिनाला नळी जाते. कार्बोरेटरमधला पातळ पडदाही त्याने कडक झाला होता. काम झाल्यावर टाकी रिकामी करून, उरलंसुरलं जळेपर्यंत मशीन चालू ठेवायचं असतं म्हणे. जे चालू होण्यासाठी मी चोक-दोरीची तपश्चर्या करत होतो, ते मुद्दाम उपाशी मारायचं! सिंहस्थ बरा, 2015 नंतर 2027 हे निदान आधी कळतं तरी.

एक मात्र कबूल करतो. मशीन बंद असलं की मी मनातून सुखी असायचो. "गवत काढणार होतो, पण कार्बोरेटर..." एवढं म्हटलं की रविवार मोकळा. आलेला माणूसही मान डोलवायचा, प्लगच्या गॅपवर दोन शब्द बोलायचा, चहा व्हायचा. गवत वाढायचं, पण त्याचा ठपका माझ्यावर नसायचा.

यंदा जूनमध्ये मुलीने बॅटरीवरचं मशीन मागवलं आणि माझं हे सुख गेलं. खटका दाबला की चालू. फुगा नाही, चोक नाही, फट् नाही. आवाज टेबलफॅनच्या थोरल्या भावाइतका. दादा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "चालू कधी करणार?"

खोक्यावर 20 व्होल्ट लिहिलंय, मुलीच्या मते ते खरे 18. त्यात 4 अँपिअर-तास, म्हणजे 72 वॉट-तास, युनिटचा चौदावा हिस्सा. लिटरभर पेट्रोलात साधारण 9 युनिटांची ऊर्जा असते हेही तिनेच सांगितलं. त्यातली बरीचशी चार वर्षं धुरात आणि शेजाऱ्यांच्या कानात गेली, हे मी सांगितलं नाही. खर्च म्हणाल तर चार्जिंगला रुपयाही लागत नाही. मात्र चार्जर मिक्सरच्या पॉइंटला लागतो, आणि चटणी आधी की गवत आधी यावर आमच्याकडे रोज सुनावणी होते. घरात ड्रिल मशीन आहे, तेही बॅटरीचं, पण दुसऱ्या कंपनीचं. बॅटऱ्यांच्या खाचा नखभर वेगळ्या. व्होल्ट जुळतात, गोत्र जुळत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ते चार हिरवे दिवे. शनिवारी रात्रीच बायको बॅटरी आणून समोर ठेवते. "चारी लागलेत." यावर काय बोलणार? बॅटरीला कार्बोरेटर नसतो.

तर परवा मी कोनाड्यापर्यंतचं गवत कापायला घेतलं. भिजलेलं, दाट, वाटेत कुंद्याचं चिवट तण. पंधराव्या मिनिटाला एकच दिवा उरला आणि वृंदावनाभोवतीचं कडं राहिलं असताना मशीन गप्प झालं. धाप लागली नाही, खोकलं नाही, एकदम मौन. दुसरी बॅटरी चार्जरवर होती, म्हणजे असायला हवी होती. पॉइंटला मिक्सर होता.

दादा झोपाळ्यावरून उतरले. विळा घेऊन उकिडवे बसले आणि माझा घाम वाळायच्या आत कडं स्वच्छ केलं. मग विळ्याचं पातं धोतराला पुसत म्हणाले, "ते जुनं कुठंय?"

"माळ्यावर."

"काढ."

मी अर्धा लिटर ताजं पेट्रोल आणलं, या वेळी पत्र्याच्या डब्यात. त्यात दोन झाकणं ऑइल मोठ्याने मोजून घातलं. दादांनी फुगा दाबला, चोक वर केला, मशीनवर पाय ठेवला. बायकोने न सांगता मिक्सर बंद केला. समोरच्या काकूंची खिडकी लागल्याचा आवाज आला.

पहिला झटका. काही नाही. दुसरा. काही नाही.

तिसऱ्याला 'फट्' झालं आणि आम्ही चौघंही एकदम ओरडलो, "चोक!"