आखुनीचा वास आणि माझ्या माहेरची सुकट

नोव्हेंबरात सोळा दिवस एकटी ईशान्येला जाऊन आले. मेघालय, आसाम आणि नागालँड. आल्यापासून सगळे फोटो मागतायत. टाकते सावकाश, पण आधी जे मनात साठलंय ते लिहू दे. लांबण लागेल, सवडीने वाचा.

याची सुरुवात तीन वर्षांपूर्वीची आहे. पुण्यात आमच्या सोसायटीत नागालँडच्या दोन मुली भाड्याने राहायला आल्या होत्या. एक नोकरी करायची, एक शिकत होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार-पाच महिन्यांनी तक्रारी सुरू झाल्या. त्यांच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो, काहीतरी कुजलेलं शिजवतात, पोटात ढवळतं. मीटिंगमध्ये विषय निघाला, घरमालकाला पत्र गेलं आणि महिन्याभरात मुलींनी घर सोडलं. त्या मीटिंगला मी हजर होते आणि एक शब्द बोलले नाही.

माझं माहेर रेवदंड्याचं. मे महिन्यात आमच्या मागच्या पडवीत बोंबील, सोडे, जवळा, सुकट डब्याडब्यांतून भरली जायची. आगोटीची बेगमी. त्याचा वास अख्ख्या आळीत असायचा आणि त्या वासानेच पाऊस जवळ आल्यासारखं वाटायचं. लग्नानंतर पुण्यात पहिल्यांदा जवळा भाजला तेव्हा शेजारच्या काकूंनी धाडकन खिडकी लावली होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि हे सगळं आठवत असूनही मी त्या मीटिंगमध्ये गप्प बसले. ते गप्प बसणं मला नंतर फार लागलं. पन्नाशी उलटल्यावर एकटी तिकडे का गेलीस, याचं खरं उत्तर हे आहे.

ग्रुप टूरची चौकशी मी केली होती. माहितीपत्रकात सगळ्यात ठळक ओळ होती, ‘संपूर्ण प्रवासात महाराष्ट्रीय जेवण, सोबत आपले आचारी’. ज्यांना पथ्यपाणी आहे, वय झालंय, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. माझ्या सासूबाई अशाच सोयीमुळे काशी करू शकल्या. पण ज्यांना असं कुठलंही बंधन नाही, त्यांनी काझीरंगात कांदेपोहे आणि शिलाँगमध्ये वरणभात खाऊन परत यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथले डोंगर हवेत, धबधबे हवेत, पण त्या डोंगरात माणसं काय रांधतात ते नको? मग आपण त्यांच्या घरी गेलोच कुठे?

गुवाहाटीहून शिलाँगला शेअर सुमोने गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच इयुदुह गाठलं, ज्याला बाहेरचे लोक बडा बाजार म्हणतात. उतारावर पसरलेला, बोळात बोळ निघणारा प्रचंड बाजार, आणि जिकडे पाहावं तिकडे गाळ्यावर बाई बसलेली. खासी समाजात कूळ आईकडून चालतं. मुलं आईचं कूळ लावतात आणि पिढीजात घर धाकट्या मुलीकडे जातं. पुस्तकात वाचलं होतं, पण हिशेबाची वही मांडीवर घेऊन बसलेल्या, हमालाला हाक मारणाऱ्या, मध्येच क्वाई तोंडात टाकणाऱ्या त्या बायका पाहिल्यावर ते समजलं. क्वाई म्हणजे सुपारी, पान आणि चुना. काथ नाही. ओली सुपारी असते, मला तर दोन मिनिटांत कानशिलं गरम झाली.

तिथल्या छोट्या खानावळीत जादोह खाल्ला. मांसाबरोबर शिजवलेला बुटका, चिकट भात. सोबत काळे तीळ वाटून केलेलं डुकराचं मटण, दोहनेइयॉन्ग. डुक्कर मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. कारळाची चटणी आणि तिळकूट यांवर वाढलेल्या जिभेला ते काळं वाटण मुळीच परकं वाटलं नाही. मग ताटाच्या कडेला खानावळवालीने चमचाभर तुंगताप वाढलं. विस्तवावर भाजलेली सुकी मासळी, मिरची, कांदा, सगळं कुटलेलं. तो वास आला आणि मला आमची पडवी दिसली. अगदी तीच. मी त्या कॉंगला (मोठ्या बहिणीला, किंवा मान द्यायच्या कुठल्याही बाईला तिथे कॉंग म्हणतात) मोडक्या हिंदीत सांगितलं की माझी आई हेच करायची. ती हसली आणि आणखी एक चमचा वाढला.

सोहराला तीन दिवस राहिले. चेरापुंजी हे साहेबाने केलेलं नाव, तिथली माणसं सोहराच म्हणतात. १८६०च्या ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो विक्रम आजही टिकून आहे. आणि अशा गावात हिवाळ्यात बायका पाण्याची भांडी घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सगळं पाणी उतारावरून वाहून जातं, आणि एप्रिल उजाडला की आपण टँकरची वाट पाहतो.

नोंग्रियाटचा मुळांचा दुमजली पूल बघायला तीन हजारांवर पायऱ्या उतरले आणि चढले. गुडघ्यांनी दोन दिवस आठवण दिली. रबराच्या जातीच्या वडाची पारंबीसारखी मुळं सुपारीच्या पोकळ खोडांतून ओढ्याच्या पलीकडे नेतात आणि ती जमिनीत रुजून जाड व्हायची वाट पाहतात. माणसाचा भार पेलायला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे लावणारा बरेचदा आपल्या नातवंडांसाठी लावतो.

आसामविषयी मला सगळ्यात आधी शाकाहारी मित्रमैत्रिणींना सांगायचंय, कारण ‘तिकडे आम्हाला खायला काही मिळत नाही’ हे वाक्य मी फार ऐकलंय. आसामी जेवणाची सुरुवात खाराने होते. भीमकल नावाच्या केळीची सालं वाळवून जाळायची, त्या राखेतून पाणी गाळायचं, आणि त्या पाण्यात कच्ची पपई शिजवायची. आपला पापडखार आठवा, शब्दसुद्धा तोच. आसामी माणूस स्वतःला कौतुकाने ‘खारखोवा’ म्हणवतो. मग पिटिका, म्हणजे मोहरीचं कच्चं तेल, कांदा-मिरची घालून कुस्करलेलं बटाट्याचं किंवा वांग्याचं भरीत. पालेभाज्या तर इतक्या प्रकारच्या की मी मोजायचं सोडून दिलं. आणि जोहा तांदळाचा भात, ज्याचा घमघमाट आंबेमोहराची आठवण करून देतो.

जेवणाचा शेवट आंबटाने, टेंगा. माशाच्या कालवणात त्यांनी आंबटासाठी सुकवलेल्या काळपट चकत्या टाकल्या होत्या. बोटांनी एक उचलून चाटली आणि म्हटलं, अहो, ही तर आमसुलाची बहीण! खरोखरच बहीण आहे. तिकडचा थेकेरा आणि आपलं कोकम एकाच कुळातली झाडं. ब्रह्मपुत्रेच्या काठी बसून मी जवळजवळ आमच्याच घरचं कालवण खात होते.

हे जेवण ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जेवले. निमाती घाटावरून होडीने जावं लागतं. मोटारसायकली, सायकली, कोंबड्यांचे झाप, शाळेचे मास्तर, सगळे एकाच होडीत. २०१६ साली या बेटाला जिल्ह्याचा दर्जा मिळाला, पण नदी दरवर्षी त्याची जमीन खातेय. ‘आमचं जुनं घर तिथे होतं,’ असं म्हणून माझ्या यजमान बाइदेउंनी (बाइदेउ म्हणजे ताई) बोट दाखवलं ते थेट पाण्याकडे. संध्याकाळी नामघरातून, म्हणजे तिथल्या प्रार्थनाघरातून, झांजा ऐकू आल्या. शंकरदेवांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात लावलेली ही वैष्णव परंपरा आजही तिथल्या सत्रांमधून, म्हणजे मठांमधून, चालते. वैष्णव आहेत आणि घरोघरी मासे शिजतात. मला हे सांगायला फार आवडतं, कारण वैष्णव म्हटलं की जेवणाचं ताट कसं असणार हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

तिथे दिवस लवकर मावळतो. साडेचारला दिवे लागतात. चहामळ्यांमध्ये म्हणून घड्याळ एक तास पुढे ठेवतात, त्याला बागान टाइम म्हणतात. एकट्या बाईने फिरायचं तर याचा हिशेब ठेवा. पहाटे पाचला निघा, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचा. या एका नियमाव्यतिरिक्त मला भीती वाटावी असं सोळा दिवसांत काही घडलं नाही.

नागालँडला जायला बाहेरच्या माणसाला इनर लाइन परमिट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतो. ऑनलाइन निघतो, आधीच काढून ठेवा. इंग्रजांच्या १८७३ सालच्या कायद्यातून आलेली ही व्यवस्था आहे. कोहिम्यात युद्धस्मशानभूमीत अर्धा दिवस काढला. १९४४ साली जिथे जपानी आणि ब्रिटिश-हिंदी फौजा टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंनी लढल्या, त्या उतारावर आता थडग्यांच्या रांगा आहेत. वयं वाचत जायची. एकोणीस, बावीस, एकवीस.

तिसरा दिवस रविवार होता. रविवारी कोहिमा बंद, सगळे चर्चमध्ये. टॅक्सी नाही, हॉटेल नाही. जिच्या घरी राहिले होते ती नागांमधल्या सुमी जमातीची, माझ्याच वयाची. चर्चमधून आल्यावर म्हणाली, आज आमच्यातच जेव. आणि मी तिच्या चुलीपाशी पाट घेऊन बसले.

चुलीच्या वर टांगलेली बांबूची मांडणी होती. तिच्यावर धुराने काळ्या पडलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि पानात बांधलेल्या छोट्या पुड्या. तिने एक पुडी काढली, पान सोडलं. आत तपकिरी, ओलसर गोळा. हीच ती आखुनी. सोयाबीन मऊ शिजवायचं, पाणी काढून टाकायचं, पानं लावलेल्या बांबूच्या टोपलीत भरून चुलीजवळ उबेला ठेवायचं. थंडीत जास्त दिवस, उन्हाळ्यात कमी. दाण्यांना तार सुटली की कुटायचं आणि पुड्या बांधायच्या. तार सुटली का हे बघायला ती बोटाने दाबून दाखवत होती, आपण साखरेचा पाक बघतो तसं. सांगता सांगता म्हणाली, शेजारची आओ जमातीची बाई अळूच्या पानांचं असंच आंबवून वाटते, त्याला अनिशी म्हणतात. अळू! मी तिला अळूवड्या कशा करतात ते सांगितलं. तिला गुंडाळी कळली, बेसन कळायला वेळ लागला.

भांड्यात पाणी, धुरावलेलं मांस, आखुनी, आलं, लसूण आणि एक अख्खी राजा मिर्चा, तिथली जहाल मिरची. तेलाचा थेंब नाही. उकळी फुटली आणि वास घरभर झाला. मी ओळखला. आमच्या जिन्यातला तो वास. तीन वर्षांपूर्वीचा. फक्त इथे त्या वासात पोरं अभ्यास करत होती आणि म्हातारे सासरे शेकत बसले होते.

तिची मुलगी बंगळुरूला नोकरी करते. मी विचारलं, तिला आखुनी पाठवता का? ती ढवळत राहिली. मग म्हणाली, ‘पूर्वी पाठवायचे. आता नको म्हणते. दोनदा घर बदलावं लागलं तिला.’ मुलीला खावंसं वाटलं तर ती खिडक्या लावून, दाराखालच्या फटीत टॉवेल घालून शिजवते, आणि मग घरभर कॉफी उकळते. आई हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, आणि तेच मला सहन होईना. मी तिला आमच्या सोसायटीतल्या दोन मुलींबद्दल सांगितलं. मी गप्प बसले होते तेही सांगितलं. ती काही बोलली नाही. माझ्या ताटात भात वाढला, त्यावर रस्सा घातला आणि म्हणाली, गरम आहे तोवर खा.

चव सांगू? घट्ट, खोल, किंचित कडसर, सोड्याच्या रश्शाला जी एक मागे राहणारी चव असते, तशी. मी दोनदा भात घेतला.

परत आल्यापासून मी यावर वाचतेय. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, आखुनी यांसारखे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न देता करा, अशी सूचना तीत होती. २०१४ साली दिल्लीतच निडो तानिया या अरुणाचलच्या विशीतल्या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. सुरुवात त्याच्या दिसण्यावरून केलेल्या चेष्टेने झाली होती. त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या अशा अडचणी पाहायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. आपल्याला हे सगळं दिल्लीचं वाटतं. पण ‘चिंकी’ हा शब्द मी पुण्यात, चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलाय. आणि घर सोडायला लावणारं पत्र आमच्याच सोसायटीच्या लेटरहेडवर होतं.

बोंबील तळल्यावर ज्यांची खिडकी कुणीतरी लावलीय, हिंग-लसणीवरून ज्यांना परदेशात घर नाकारलं गेलंय, अशी माणसं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये कितीतरी आहेत. मी तुमच्याशी बोलतेय. तुम्ही माझ्यासारखे गप्प बसू नका. वास येतो तर चिमणी लावा म्हणा, दार लोटून घ्या म्हणा, ते शेजारी म्हणून सांगता येतं. घर सोडा म्हणता येत नाही.

त्या दोन मुलींचा पत्ता मला लागलेला नाही. घरमालकाकडे नंबर होता तो बंद आहे. शोधतेय.

कोहिम्याच्या मैत्रिणीने निघताना आखुनीच्या चार पुड्या दिल्या, केळीच्या पानात बांधून, वर वर्तमानपत्राचे तीन थर. गुवाहाटी विमानतळापर्यंत मी त्या पिशवीला जपत आले. दोन पुड्या शिल्लक आहेत.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. भाडेकरूंचे नियम हा तिसरा विषय आहे आणि मसुद्यात ‘उग्र वासाचे पदार्थ’ असे शब्द आहेत. मी ते शब्द काढायला लावणार आहे. मीटिंग माझ्या घरी ठेवा असं सेक्रेटरींना कळवलंय. सकाळी एका शेगडीवर सुकट भाजेन, दुसरीवर आखुनी ठेवेन. दोन्ही खिडक्या उघड्या असतील.