'ॲसिफेट आढळले नाही' असा रिपोर्ट आम्ही दिला, त्या तक्रारीचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या प्रयोगशाळेला एक स्टार दिलात. द्राक्षाच्या निर्यातीच्या प्लॉटचा नमुना तोडणीच्या वीस दिवस आधी आमच्याकडे तपासला, आम्ही ॲसिफेट हे कीटकनाशक 'आढळले नाही' असं लिहून दिलं, त्या भरवशावर तुम्ही व्यापाऱ्याशी सौदा केला, आणि नंतरच्या अधिकृत तपासणीत दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच औषध ०.०२४ मिलिग्रॅम प्रति किलो सापडून प्लॉट फेल झाला, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे फोन केला तर 'मशीन चुकत नाही' असं उत्तर मिळालं, आम्ही एका फेरीत सगळी औषधं उरकतो, मशीन कंपनीने दिलेल्या सेटिंगवरच चालवतो, आणि सही करणाऱ्या मुलाला काढून टाकावं, हेही त्यात आहे.

रिपोर्ट आमचाच चुकला. तुमचा जपून ठेवलेला नमुना उणे २० अंशांच्या फ्रीजरमधून काढून मी स्वतः पुन्हा तपासायला बसले. ॲसिफेट ०.०२१ मिळालं. युरोपची मर्यादा ०.०१ आहे. अशा मोजणीत ५० टक्क्यांची अनिश्चितता धरतात, पण ती वजा केली तरी आकडा मर्यादेच्या वरच राहतो, त्यामुळे त्या आडोशाला उभं राहायला जागा नाही आणि मला राहायचंही नाही.

फोनवर जे उत्तर दिलं गेलं त्याबद्दल आधी माफी मागते. मशीनला जे विचारावं तेवढंच ते सांगतं, हे आपल्या द्राक्षवाल्यांना २०१० पासून माहीत आहे. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं आपलं सीसीसी, युरोपात सापडलं आणि माल अडकला. इथल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं, म्हणून इथल्या रिपोर्टवर ते दिसलं नव्हतं. मशीन तेव्हाही चालूच होतं. १२२ वस्तुमानाचा आयन, म्हणजे औषधाचा विद्युतभार असलेला कण, पकड, तो फोडून ५८ चा तुकडा निघतो का बघ, एवढं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी या धंद्यात आले ती त्या हंगामानंतर. म्हणून हीच चूक वेगळ्या वाटेने माझ्याच प्रयोगशाळेत व्हावी, याची बोच जास्त आहे.

आता तुमच्या नमुन्याचं काय झालं ते सांगते. थोडं लांबेल, पण 'तांत्रिक अडचण' असे दोन शब्द लिहून तुम्हाला वाटेला लावणं मला पटत नाही.

द्राक्षाचा लगदा एथिल ॲसिटेटमध्ये घुसळून, गाळून, साफ करून जो अर्क मिळतो त्याचे काही मायक्रोलिटर यंत्रात सोडतो. आधी तो एका बारीक नळीतून जातो. तिला कॉलम म्हणतात, लांबी फक्त १० सेंटिमीटर. त्यातून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वाहत असतं. पाण्याची ओढ असलेली औषधं लवकर बाहेर पडतात, तेलकट वळणाची उशिरा. ॲसिफेट अगदी पहिल्या काहींमध्ये, आमच्याकडे १.९० मिनिटाला. पडद्यावर ते एका टेकाडासारखं दिसतं. आम्ही एरवी त्याला 'पीक' म्हणतो, पण तुमच्या शेतातल्या पिकाशी घोळ नको म्हणून इथे शिखर म्हणते. एक शिखर साधारण १२ सेकंदांत उगवतं आणि मावळतं.

बाहेर पडलेलं औषध मग वस्तुमान मोजणाऱ्या भागात शिरतं. ॲसिफेटसाठी १८४ चा आयन निवडायचा, फोडायचा आणि १४३ चा तुकडा मोजायचा. खात्रीसाठी दुसराही एक तुकडा मोजायचा, आणि दोन्हींचं परस्पर प्रमाण शुद्ध औषधातल्या प्रमाणाच्या ३० टक्क्यांच्या आत जुळलं पाहिजे. आमच्या यादीत १८० औषधं आहेत, म्हणजे आयन आणि तुकडा अशा ३६० जोड्या. यंत्र या जोड्या एकाच वेळी बघत नाही, एकामागून एक बघतं. प्रत्येकीवर ५ मिलिसेकंद थांबायचं, पुढच्या जोडीवर जायला २ मिलिसेकंद. सगळ्या ३६० जोड्या सतत बघायच्या ठरवल्या तर एक फेरा अडीच सेकंदांचा होतो आणि १२ सेकंदांच्या शिखरावर जेमतेम चार-पाच ठिपके पडतात. चार ठिपक्यांत टेकाडाची उंची कळत नाही, आकडा कधी जास्त येतो, कधी कमी. निदान १२ ते १५ ठिपके हवेत.

म्हणून प्रत्येक औषधासाठी वेळेची एक खिडकी ठरवतात. ॲसिफेट १.९० ला येतं ना, मग त्याच्या आसपासच बघ, बाकीचा वेळ दुसऱ्यांना दे. सगळीकडे हेच करतात आणि त्यात वावगं काही नाही. तुम्ही लिहिलंय तसं एका फेरीत सगळं आम्ही घेतो, हे खरं आहे, आणि ते घेता येतं. प्रश्न खिडकी किती रुंद ठेवायची याचा. आम्ही सरसकट ४० सेकंद ठेवली होती. ॲसिफेटची खिडकी १.५७ मिनिटाला उघडायची आणि २.२३ ला बंद व्हायची.

त्या रात्रीच्या बॅचमध्ये ४६ नमुने होते, तुमचा ३४ वा. २९ व्या नमुन्यानंतर पाण्याच्या बाजूची बाटली संपली म्हणून नवीन मिश्रण भरून लावलं. त्यात २० टक्के मिथेनॉल असायला हवं. नव्या बाटलीत ते जास्त पडलं असावं. मी मुद्दाम ३० टक्क्यांचं मिश्रण करून शुद्ध ॲसिफेट सोडून पाहिलं, तर शिखर १.५२ वर सरकलं. तुमच्या नमुन्याच्या मूळ नोंदीत काय आहे ते बघा: खिडकी उघडते तेव्हा शिखराचा माथा होऊन गेलेला, उतरणीचे शेवटचे तीन सेकंद दिसतात. पाच ठिपके, आणि पाचही उतरते. सॉफ्टवेअरला यात शिखर दिसलं नाही. त्याने शून्य लिहिलं, आणि रिपोर्टवर त्याचं 'आढळले नाही' झालं.

ते दोन शब्द खोटे होते. औषध गेलं तेव्हा आम्ही बघतच नव्हतो, एवढंच आम्हाला खरेपणाने म्हणता आलं असतं.

बॅचच्या शेवटी प्रमाण द्रावण, म्हणजे औषधं ठरलेल्या मापात घातलेलं द्रावण, सोडून सगळं जागेवर आहे ना हे बघतो. त्या रात्रीही सोडलं होतं. पण रोजच्या धावपळीत १८० पैकी ठरावीक प्रातिनिधिक औषधंच नजरेखालून जायची. तशी मुभा मार्गदर्शक सूचनांत आहे. आमच्या निवडीतली सगळी औषधं मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात येणारी होती. मिथेनॉल थोडं वाढलं तर ती फारशी हलत नाहीत, हलतात ती सुरुवातीची. म्हणजे जिथे घसरण व्हायची शक्यता सर्वांत जास्त, नेमकं तिथेच आमचं कुणी उभं नव्हतं. ती वाईट निवड होती आणि ती मी केली होती.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट अशी. पहिल्या चार मिनिटांत आमच्या यादीतली मोजकीच औषधं येतात. गर्दी आहे ती ७ ते १२ मिनिटांत. तिथे खिडकी अरुंद ठेवल्याशिवाय ठिपके पुरत नाहीत. सुरुवातीला मात्र यंत्राला भरपूर फुरसत असते. खिडकी चौपट रुंद केली असती तरी काही बिघडलं नसतं. ४० सेकंदांचा आकडा एका रकान्यात भरला आणि खालपर्यंत ओढला, इतकं साधं कारण आहे. आणि खिडकी रुंद असती तर शिखर आपल्या जागेवरून हललेलं उघड दिसलं असतं. वेळेतला फरक ०.१ मिनिटाच्या आत हवा हा नियम आहे. तिथे ०.३८ चा फरक पाहून कुणीही बॅच थांबवली असती.

कंपनीच्या सेटिंगबद्दल. कोणता आयन, कोणता तुकडा, फोडायला किती ऊर्जा, हे आकडे यंत्रासोबत आलेल्या यादीतून सुरू होतात हे बरोबर आहे. पण आम्ही प्रत्येक औषधाचं शुद्ध द्रावण सोडून ते आपल्या यंत्रावर पुन्हा जुळवलेत, कारण दोन यंत्रं सारखी वागत नाहीत. ॲसिफेटच्या बाबतीत आयन तयार होतो त्या भागाचं तापमानही आम्ही उतरवलं होतं, कारण फार तापवलं की ते मोजायच्या आधीच तुटायला लागतं. या आकड्यांत चूक नव्हती. खिडकीचा आकडा मात्र कंपनीचा नव्हता, माझा होता.

म्हणूनच सही करणाऱ्या मुलाला काढणार नाही, दादा. त्याच्या पडद्यावर जे होतं ते त्याने नियमाप्रमाणे वाचलं. त्याला अपुरं दाखवायची व्यवस्था मी केली होती. बाटली भरणाऱ्यालाही मी दोष देणार नाही. हंगामात रात्री दोन वाजता मोजमापात फरक पडू शकतो, हे गृहीत धरून पद्धत बसवायची असते.

आता काय बदललंय. चार मिनिटांपर्यंत येणाऱ्या सगळ्या औषधांवर अर्क यंत्रात सोडल्यापासून सलग नजर असते, खिडकीच ठेवलेली नाही. मधल्या गर्दीत खिडक्या अरुंदच आहेत, तिथे तडजोड करावीच लागते. शेवटच्या प्रमाण द्रावणात आता १८० ची १८० औषधं बघितली जातात. त्याने रिपोर्टला दोन-तीन तास जास्त लागतील. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: प्रत्येक नमुन्यात आम्ही आता जड हायड्रोजन असलेलं ॲसिफेट मोजून घालतो. ते खऱ्या ॲसिफेटच्या जवळपास सोबतच बाहेर पडतं, पण वस्तुमान वेगळं असल्याने ओळखू येतं. ते दिसलं नाही तर त्या नमुन्याबाबत 'आढळले नाही' असं लिहायला आमच्याकडे कुणालाच परवानगी नाही, मलाही नाही. मिश्रण भरताना आता दोघांची सही लागते.

नवीन बाटलीनंतरचे १७ नमुने आम्ही सगळे पुन्हा तपासले. तुमच्याशिवाय आणखी एकात ॲसिफेट निघालं, त्या बागायतदारांना त्याच दिवशी कळवलंय. बाकीच्या पंधरा जणांनाही फोन झालेत.

तुमच्या एका वाक्याशी मी सहमत नाही. ॲसिफेट कधी फवारलंच नाही, तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळेचाही भरवसा नाही, असं तुम्ही म्हणता. त्यांचा आकडा बरोबर आहे. फेरतपासणीत आम्हाला मेथामिडोफॉसही अगदी थोडं दिसलं, ॲसिफेट मोडून तेच तयार होतं. तुमच्या फवारणीच्या नोंदवहीत ॲसिफेट नाही, हे मी मानते. पण शेजारच्या भाजीपाल्यावरून वाऱ्याने येणं, पंपाच्या टाकीत आधीचं औषध राहणं, जोडऔषधाच्या लेबलावर दुसरा घटक असणं, हे सगळं होतं. पुढच्या छाटणीच्या आधी पंप आणि टाकीचं धुवण एका बाटलीत आणून द्या, ते आम्ही फी न घेता तपासू.

आमचा रिपोर्ट बरोबर असता तरी औषध घडात होतंच. पण तुमच्या हातात वीस दिवस राहिले असते. तोडणी पुढे ढकलून पुन्हा नमुना देता आला असता, किंवा स्थानिक बाजारासाठी आधीच सौदा झाला असता. ते वीस दिवस आमच्यामुळे गेले. फी परत केलीय. आमच्या पावतीमागे जबाबदारी फीपुरतीच असल्याचं छापलंय, पण ती ओळ मी तुमच्यापुढे धरणार नाही. व्यापाऱ्याने ठरवलेला दर आणि नंतर मिळालेला दर यांची कागदपत्रं घेऊन या, समोरासमोर बसून बोलू.

सुधारित रिपोर्ट तुमच्या नावाने तयार आहे. येताना दुपारनंतर या, सकाळी यंत्र बॅचमध्ये असतं. दोन्ही आलेख, ते पाच उतरते ठिपके आणि नंतरचं पूर्ण शिखर, पडद्यावर शेजारी शेजारी उघडून ठेवते.