हूकरची इस्त्री मोडत नाही

गेल्या पंधरवड्यात सांगलीत पावसाने घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही, तेव्हा मी आणि हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे मामा, अशा आम्ही दोघांनी विश्रामबागेतल्या घरी ‘टी. जे. हूकर’ या जुन्या अमेरिकी मालिकेचे बरेच भाग पाहिले. १९८२ ते १९८६ या काळातली ही मालिका मला, स्पष्टच लिहितो, फार कोमट वाटली.

चीड येते ती मूळ कल्पना चांगली असल्यामुळे. साथीदार मारला गेल्यावर सार्जंट हूकर तपास विभागातली जागा सोडून आपणहून पुन्हा गणवेश चढवतो, गस्तीला उतरतो आणि नव्या पोरांना तयार करू लागतो. आपल्याकडे एलसीबीत, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत, गेलेला माणूस असा स्वतःहून ठाण्यात परत येईल का, असे मी मामांना विचारले. ते नुसते हसले. पण ज्या दुःखाने या माणसाला रस्त्यावर आणले, ते मालिका लवकरच विसरते आणि उरतो तो गाड्यांचा पाठलाग. हूकर झालेला विल्यम शॅटनर धावत्या गाडीच्या बॉनेटला लोंबकळतो, तो प्रसंग तर आता केवळ गमतीने आठवला जातो. हीदर लॉकलियरच्या वाट्याला आलेली स्टेसी ही कॅप्टनची मुलगी आहे, यापलीकडे तिच्यात रस घ्यावा असे लेखकांना फारसे वाटलेले दिसत नाही.

एका भागात चोर पकडला गेला, बेड्या पडल्या आणि पुढच्याच दृश्यात सगळे ठाण्यात हसत उभे. मामांनी रिमोट हातात घेऊन चित्र थांबवले. “आरं, पंच कुठं हायत? पंचनामा कोण लिवणार, ह्याचा बाप?”

‘त्या काळी असेच चालायचे’ ही सबब मला पटत नाही, कारण १९८१ सालीच सुरू झालेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलीस मालिकेत सकाळच्या हजेरीपासून ठाण्याचा अख्खा दिवस, त्यातली अर्धवट राहिलेली प्रकरणे आणि माणसांची दमछाक दिसत होती.

मामा गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तावरून दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचे, तेव्हा खाकी शर्टाच्या पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत आणि मामी तो शर्ट थेट बादलीत बुडवत असे. हूकर गल्ल्याबोळांतून धावतो, कुंपणावरून उडी मारतो, चोरासोबत जमिनीवर लोळतो, आणि उठतो तेव्हा बाहीवरची इस्त्रीची घडी जशीच्या तशी असते.