विहिरीतले गोटे आणि न आलेला बर्फ

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. नव्या विहिरीची कड, तांबूस मातीत रुतलेले लहानमोठे गोटे. खाली मजकूर असा: बारीक माती आणि मोठे दगड एकत्र, म्हणजे हा हिमनदीचा गाळ. गोटे गोल, कारण बर्फाने घासले. मधलं पांढरट पीठ म्हणजे हिमनदीने दळलेला खडक. वीस हजार वर्षांपूर्वी आपला भाग बर्फाखाली होता. दहावीतल्या भाचीने तो मला पाठवला आणि विचारलं, ‘मामा, हे प्रकल्पात लिहू का?’ तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. पाणी गाळ निवडतं. शांत पाण्यात बारीक कणाचा व्यास दहापट कमी झाला, की तो शंभरपट सावकाश बुडतो. त्यामुळे रेव एकीकडे, वाळू दुसरीकडे आणि पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाडसर गाळ, आणखी पुढे बसतो. बर्फ असं काही निवडत नाही. घराएवढा धोंडा आणि 0.004 मिलिमीटरपेक्षा बारीक चिकणमाती तो एकाच जागी टाकून वितळतो. हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला गाळ सरमिसळ असतो तो यामुळे. पण म्हणून प्रत्येक सरमिसळ गाळ हिमनदीचा ठरत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड कोसळते, तिच्या ढिगातही चिखलापासून धोंड्यापर्यंत सगळं असतं.

फोटोतला प्रकार तर त्याहून वेगळा आहे. निपाणी-चिकोडीचा खडक म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. त्याच्या भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात आणि मधला टणक गाभा गोल उरतो. भोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्यांचा मुरूम आणि माती होते. फोटो मोठा करून पाहा, डावीकडच्या दोन गोट्यांना हे पापुद्रे अजून चिकटलेले आहेत. हे गोटे कुठूनही आलेले नाहीत, ते जन्मले तिथेच आहेत. सगळे एकाच खडकाचे आहेत, हेही लक्षात घ्या. हिमनदी वाटेतल्या वेगवेगळ्या खडकांचे तुकडे एकत्र करते.

गोलपणाचं उत्तर यातच आलं. हिमनदीच्या तळाशी घासलेला दगड सहसा गुळगुळीत गोळा होत नाही. त्याच्या एक-दोन बाजू सपाट होतात आणि त्यांवर ओरखडे उमटतात. नदीतला गोटा गरगरत गोल होतो.

पांढरट पिठाबद्दल चिमूटभर माती दाताखाली धरून पाहावी. हिमनदीने दळलेलं पीठ मुख्यतः पोयट्याच्या आकाराचं आणि ताज्या खनिजांचं असतं, म्हणून ते करकरतं. कुजलेल्या खडकाची चिकणमाती लोण्यासारखी लागते. नुसता कण बारीक आहे म्हणून निकाल लागत नाही. तो दळून बारीक झाला की कुजून, हे पाहावं लागतं.

कोणी म्हणेल, मग चाळण लावून मोजा. जरूर मोजा, पण 30 सेंटिमीटर व्यासाचा बेसॉल्टचा एकच गोटा सुमारे 40 किलो भरतो. अशा कडेतून किलोभर माती चाळून मोठ्या दगडांचं प्रमाण कळणार नाही. शिवाय हिमनदीचा सगळा गाळ सरमिसळ नसतोच. तिच्या तोंडातून निघणारे ओढे रेव आणि वाळू निवडून टाकतात, पुढच्या सरोवरात पोयटा आणि चिकणमातीचे पातळ थर बसतात, वारा पोयटा उचलून दूर नेतो.

वीस हजार वर्षांचा दावा मात्र लगेच निकालात निघतो. तेव्हा हिमयुग ऐन भरात होतं हे खरं, पण भारतातला बर्फ हिमालयात होता. बेळगाव जेमतेम 16 अंश उत्तरेला आणि साधारण 750 मीटर उंचीवर आहे. आपल्या पठारावरचा जांभा उष्ण, दमट हवेत फार दीर्घ काळ मुरून बनतो. त्यावरून हिमनदी गेली असती, तर तो खरवडून गेला असता. तो जागेवर आहे, घराघरांच्या भिंतींतही आहे.

भारतात खरा हिमनदीचा गाळ पाहायचा तर सुमारे 30 कोटी वर्षं मागे जावं लागतं, आपला भूखंड दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता त्या काळात. ओडिशातल्या तालचेरचे धोंडे 1856 मध्ये भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधूंनी अभ्यासले. धोंडे हलवेल एवढा जोरदार प्रवाह असता तर भोवतीचा बारीक गाळ वाहून गेला असता, म्हणून हे काम बर्फाचं असावं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे संशय कणांच्या आकारावरूनच आला. पक्का पुरावा 1870 च्या दशकात मिळाला, चंद्रपूरजवळ इरईला, धोंड्यांच्या थराखालच्या चुनखडकावर कोरल्या गेलेल्या समांतर ओरखड्यांतून.

त्या विहिरीचं काम चालू असेल, तर कोणीतरी एक करा. दहा-बारा गोटे धुऊन ओले असतानाच तिरप्या उन्हात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. एखाद्या सपाट बाजूवर समांतर ओरखडे दिसले तर मला पाठवा, मी स्वतः बघायला येईन.